मामांचा पॅच

लग्न होऊन मी गारखेड्यात राहायला आले, तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला माझी ओळख करून दिली ती अशी, "सून कंपूटरवर कुलपं तपासती." त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. एका छोट्या कंपनीसाठी मी घरी बसून वेबसाइटी तपासते. कुठून आत शिरता येतं, कुठली खिडकी उघडी राहिलीय, हे चोराच्या आधी शोधून मालकाला सांगायचं, एवढंच काम.

या कामासाठी मी एक सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट आहे. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, कुणालाही त्यात बदल सुचवता येतो. युरोपातल्या एका गृहस्थानं ते फार पूर्वी लिहायला घेतलं आणि मग जगभरातल्या रिकामटेकड्यांनी त्यात भर घातली. त्या रिकामटेकड्यांत मी सामील झाले ती नव्या लॅपटॉपमुळं. जुन्यावर सुरळीत चालणारं हे सॉफ्टवेअर नव्यावर बसेचना. असली सॉफ्टवेअरं स्वतःच्या पायावर उभी नसतात, दुसऱ्यांनी लिहिलेल्या बारीकसारीक लायब्रऱ्यांच्या, म्हणजे तयार कोडच्या गाठोड्यांच्या, खांद्यावर उभी असतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या एका भागाला त्यातली एक लायब्ररी नवी पाहिजे होती आणि दुसऱ्या भागाला तीच जुनी पाहिजे होती. दोघी एका घरात नांदायला तयार नव्हत्या. मी प्रकल्पाच्या पानावर तक्रार लिहिली. कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी वैतागून मीच दुरुस्ती केली आणि पाठवून दिली.

मूळ लेखकानं भरभरून आभार मानले आणि न मागताच मला अधिकार देऊन टाकला, इतरांनी पाठवलेले बदल तपासून मंजूर-नामंजूर करायचा. आमच्या भाषेत असल्या बदलाला पॅच म्हणतात. माझं काम आवडलं म्हणून ही पाटीलकी मिळाली, या समजुतीत मी बरेच दिवस खूष होते. नंतर कळलं की आधीच्या सगळ्या मंजुरीवाल्यांना एकापाठोपाठ मुलं झाली होती.

पाटीलकी आली की भाऊबंदकी आलीच. आमच्यात एक जण होता, त्यानं नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची खिचडी लावलेली होती आणि फोटोच्या जागी निवडुंग. त्याचं इंग्रजी कडक आणि जुन्या वळणाचं होतं. स्वल्पविराम जागच्या जागी. मी मनाशी धरून चालले होते की हा इंग्लंडातला कुणी निवृत्त, खडूस, एकटा राहणारा म्हातारा असणार. माझ्याही नावावरून काही कळण्यासारखं नव्हतं आणि फोटोत मांजर होतं. तो मला 'सर' म्हणायचा. मी कधी दुरुस्त केलं नाही, कारण 'सर' म्हटल्यावर तो जरा अदबीनं भांडायचा.

भांडण एका लायब्ररीवरून होतं. तपासणी संपली की आमचं सॉफ्टवेअर अहवालाचं एक पान तयार करतं. ते पान सजवणारी ही लायब्ररी. तिच्या जुन्या व्हर्जनमध्ये सुरक्षेचं मोठं भोक सापडलं आणि ते जगजाहीर झालं. दुसऱ्यांची कुलपं तपासणाऱ्यांच्या स्वतःच्या दाराला कडी नाही, अशी आमची शोभा झाली. माझं म्हणणं, नवं व्हर्जन घ्या आणि मोकळे व्हा. निवडुंगाचं म्हणणं, जुनंच ठेवा, भोकाला मी ठिगळ लावून देतो. त्यानं ठिगळ पाठवलं, मी नाकारलं. त्यानं सुधारून पाठवलं, मी पुन्हा नाकारलं आणि वर इंग्रजीत लिहिलं की हा बदल निष्काळजीपणाचा आहे. त्यावर त्याचं उत्तर आलं की जगात सगळ्यांकडं नवे कंप्यूटर असतात असं धरून चालणं हाही निष्काळजीपणाच. हे सगळं उघड्यावर चाललेलं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं येऊन कधी त्याला, कधी मला पसंतीचा अंगठा देऊन जायची.

हे असंच चालू राहिलं असतं, पण मध्ये पाणी आलं.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. आपला भाग ज्या टाकीवर, तिची पाळी असते, आणि पाळीच्या दिवशीही वेळ नक्की नसते. त्या दिवशी घरातल्या बाईमाणसानं दुसरं काही ठरवायचं नाही, असा अलिखित नियम आहे. नवरा बिडकीनच्या कारखान्यात कामावर गेलेला. सासूबाई खाली हौदापाशी, मी वर गच्चीवर पाइप धरून, आणि निवडुंग मोबाइलवर. नवी आवृत्ती काढायची वेळ जवळ आली होती आणि त्याला त्याच्या पॅचचं उत्तर आत्ताच्या आत्ता पाहिजे होतं. मी ओल्या अंगठ्यानं घाईघाईत इंग्रजीत लिहून टाकलं, 'आज बघता येणार नाही. आमच्याकडं पाणी आलंय.'

मूळ लेखक बिचारा घाबरला. तू सुखरूप आहेस ना, वरच्या मजल्यावर जाऊन थांब, असं त्यानं लगेच लिहिलं. ब्राझीलच्या एकानं जोडलेले हात पाठवले. आणि त्याच्या खाली, निवडुंगाच्या फोटोशेजारी, इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द उमटले.

'कुठली टाकी?'

पाइप माझ्या हातातून सुटला. गच्चीवर पाणी पसरलं, खालून सासूबाई ओरडल्या. मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते. मग लिहिलं, 'पुंडलिकनगर. तुमची?'

'एन-पाच. आमचं उद्या.'

मूळ लेखकानं विचारलं की ही टाकी म्हणजे काही नवं साधन आहे का, आणि आपल्या अडचणीवर त्याचा उपयोग होईल का. निवडुंगानं त्याला अस्खलित इंग्रजीत कळवलं की ही स्थानिक साठवणुकीची बाब असून सध्याच्या आवृत्तीशी तिचा संबंध नाही.

संध्याकाळी त्याची वेगळी मेल आली. सर, आपण एकाच शहरात आहोत हे वाचून गंमत वाटली, रविवारी आपल्याकडं आलो तर चालेल का. मी लिहिलं, जरूर या, घरी सासूबाई असतात. मग आलेल्या मेलची सुरुवात 'मॅडम' अशी होती आणि सोबत पत्नीही येईल असं आवर्जून लिहिलं होतं.

सासूबाईंना इंटरनेटवरचा माणूस घरी येणार हे मुळीच पसंत नव्हतं. रोज पेपरात फसवणुकीच्या बातम्या वाचून त्यांचं मत पक्कं झालेलं आहे. रविवारी सकाळी त्यांनी गळ्यातली पोत आणि हातातल्या पाटल्या काढल्या आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवल्या. मला म्हणाल्या, "पाणी दे, चहा दे, पण ओटीपी मागितला तर देऊ नको."

निवडुंग स्कूटरवरून आला. साठी उलटलेला किडकिडीत माणूस, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मागच्या सीटवर पत्नी आणि तिच्या मांडीवर मक्याच्या कणसांची पिशवी. दारात त्यांनी हेल्मेट काढून नमस्कार केला. मीही केला. मग आम्ही समोरासमोर बसलो आणि मला कळेना की बोलायचं काय. गेले कित्येक महिने मी या माणसाशी कडाकडा भांडत होते, पण ते इंग्रजीत. इंग्रजीत सगळेच 'यू'. इथं समोर बापाच्या वयाचा माणूस बसलेला. त्यांनाही तेच झालं असावं. ते पंख्याकडं बघत राहिले. मी म्हणाले, "पत्ता सापडायला त्रास नाही ना झाला?" ते म्हणाले, "छे छे." मग दोघंही पंख्याकडं बघू लागलो.

सासूबाई मात्र कणसांकडं बघत होत्या.

"मका कुठला म्हणायचा?"

"गावाकडचा. सिल्लोडच्या पुढं, अजिंठ्याच्या वाटेवर आमचं गाव आहे."

सासूबाईंनी गावाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. सासूबाई खुर्चीतून पुढं सरकल्या आणि त्यांनी वाडी विचारली, मग वडिलांचं नाव, मग विहिरीपलीकडचं घर का अलीकडचं ते. ते जसजसं सांगत गेले तसतसा सासूबाईंचा चेहरा बदलत गेला. ते त्यांचंच माहेर निघालं. नुसतं गावच नाही, तर दोघं एकाच शाळेत, सासूबाई वरच्या वर्गात आणि हे खालच्या. सासूबाईंना आठवलं की याच पोरानं मास्तरांचा रेडिओ खोलून ठेवला होता आणि तो परत जुळलाच नाही.

"तू व्हय तो?"

"व्हय अक्का," निवडुंग म्हणाला. "एक स्क्रू उरला होता."

झालं. माहेरच्या गावचा माणूस म्हणजे सासूबाईंचा भाऊ. म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. म्हणजे माझे मामेसासरे. सासूबाईंनी मला डोळ्यांनी खूण केली, मी ओढणी डोक्यावर घेतली आणि पाया पडले. ज्या माणसाला मी साऱ्या जगासमोर निष्काळजी म्हटलं होतं, त्याच्या पायांशी वाकताना माझे कान तापले. मामांनी घाईघाईनं आशीर्वाद दिला. तेवढ्यात सासूबाई आत गेल्या आणि पोत-पाटल्या घालून बाहेर आल्या. पोतीत एक तांदूळ अडकलेला होता.

चहा घेताना मामा जरा मोकळे झाले. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर ते बिडकीनला एका हॉलमध्ये गावाकडच्या पोरापोरींना कंप्यूटर शिकवतात. तिथले कंप्यूटर कंपन्यांनी टाकून दिलेले, जुनाट. त्यांच्यावर नवी लायब्ररी चालतच नाही. ती घेतली तर आमचं सॉफ्टवेअर तिथं बंद पडणार आणि शिकवणी थांबणार. म्हणून जुनीसाठी एवढा आटापिटा.

मी विचारलं, "मग हे तिथं का नाही लिहिलंत?"

"रडगाणं कशाला गायचं? मुद्दा चुकीचा असला तर रडून काय तो बरोबर होतो?"

ते गेल्यावर मला वाटलं, आता भांडण मिटलं. पण खरी पंचाईत तिथून सुरू झाली. पॅच अजून माझ्यापाशी पडून होता. भोक तसंच होतं, ठिगळ मला अजूनही पसंत नव्हतं, आणि आता ते ठिगळ मामेसासऱ्यांचं होतं. इंग्रजीत नकार लिहायला बसले की डोक्यावरची ओढणी आठवायची. मामांनीही लिहिणं बंद केलं. प्रकल्पाच्या पानावर एवढी शांतता पसरली की ब्राझीलवाल्यानं विचारलं, सगळे ठीक आहात ना.

सासूबाईंना प्रकरण कळलं होतं. रोज सकाळी चहाचा कप पुढं ठेवता ठेवता विचारायच्या, "मामाचं काम केलं का?" मी समजावून सांगायची की आई, त्यात धोका आहे, तपासल्याशिवाय होत नाही. त्या म्हणायच्या, "आपल्या माणसाचं कुणी तपासतं व्हय?" माझा सगळा धंदाच आपल्या माणसाचंही तपासायचं या तत्त्वावर उभा आहे, हे त्यांना सांगणार कसं.

मग त्यांनी माहेरी फोन केला असावा. एका दुपारी त्यांच्या चुलतभावाचा मला फोन आला. आवाज भारदस्त. म्हणाले, "सूनबाई, आपल्या माणसाचा कागद अडकलाय म्हणं तुमच्याकडं. कुठल्या हापिसात हाय ते सांगा. तहसीलला आपला पोरगा हाय."

मी म्हटलं, "मामा, ते तहसीलचं काम नाही."

"मग झेडपीत का?"

"नाही. युरोपात आहे."

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "तिथं नाय बघा आपलं कुणी."

शेवटी मीच लॅपटॉप घेऊन एन-पाचला गेले. मामींनी डायनिंग टेबल रिकामं करून दिलं. मामा आणि मी शेजारी शेजारी बसलो आणि कधी नाही एवढे अवघडलो. मी म्हणायची, "मामा, तुमचंही बरोबर आहे." ते म्हणायचे, "छे गं, तुझंच बरोबर." मी म्हणायची, जुनी ठेवायची तर ठेवू. ते म्हणायचे, नको, नवीच घेऊ, बिडकीनचं बघता येईल. दोघंही खोटं बोलत होतो आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. स्वयंपाकघरातून मामी हे ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "तुम्ही भांडत होता तेच बरं होतं."

भांडता येईना आणि उठताही येईना, म्हणून मामा म्हणाले की निदान कोड तरी पहिल्यापासून एकदा वाचून काढू. वास्तविक हे आम्ही कधीच केलेलं नव्हतं. इतके दिवस ते आपलं ठिगळ बघत होते आणि मी त्यातल्या चुका बघत होते. आता मी एकेक फाइल उघडत गेले, ते पेनाचं टोक पडद्यावर टेकवून ओळी वाचत गेले. लायब्ररीचं नाव दिसलं की थांबायचं, तिच्याकडून काय काम करून घेतलंय ते बघायचं. सुरुवातीला एकदा दिसलं. मग दिसेचना. मामींचे पोहे झाले, खाऊन झाले, तरी दिसलं नाही. फाइली संपल्या.

मी म्हणाले, "मामा, ही लायब्ररी आपण पाळलीय कशाला?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढ्या मोठ्या लायब्ररीकडून आमचं सॉफ्टवेअर फक्त अहवालाचं शीर्षक आणि खालचा तक्ता एवढंच छापून घेत होतं. कॉलेजचं पोर करेल एवढं काम. त्यासाठी ती जुनी का नवी, यावर आम्ही महिनोन् महिने एकमेकांची लायकी काढत होतो.

"आणली कुणी ही?" मामा म्हणाले.

जुना इतिहास उघडून पाहिला. अगदी सुरुवातीला मूळ लेखकानंच आणली होती आणि शेजारी टीप लिहून ठेवली होती, 'तात्पुरती.'

मामा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ठसका लागला. मामी पाणी घेऊन आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. त्यांना सांगायचा आम्ही प्रयत्न केला. पण त्यांच्या चेहऱ्यावर एवढंच दिसलं की यात हसण्यासारखं काय आहे.

मामांनी शीर्षक आणि तक्ता छापायचा कोड स्वतः लिहिला, लायब्ररी मुळातून काढून टाकली आणि पॅच पाठवला. भोक लायब्ररीसोबत गेलं. बिडकीनचे जुने कंप्यूटर चालू राहिले. मी बघितलं, चालवून पाहिलं, मंजूर केलं. सासूबाईंनी त्या दिवशी पुरण घातलं. मूळ लेखकानं अभिनंदन करून विचारलं की इतक्या वादानंतर तुमचं दोघांचं जुळलं कसं. मी लिहिलं, आम्ही नातेवाईक निघालो. त्याला ते नीट कळलं नाही, पण आनंद वाटला, असं त्यानं कळवलं.

त्यानंतर काही दिवस फार गोडीगुलाबीत गेले. मामा पॅच पाठवायचे ते 'सवडीनं बघ' असं लिहून. मी मंजूर करायची ती हात जोडल्याचं चित्र टाकून. काम निम्म्यानं मंदावलं.

एक दिवस दुपारी मामींचा फोन आला. आवाज दबका, बहुतेक बाल्कनीतून बोलत होत्या.

"तुला वेळ आहे का गं?"

"आहे की मामी. काय झालं?"

"त्यांच्या कामात काहीतरी चूक काढ."

मला वाटलं ऐकण्यात घोळ झाला. तर त्या सांगू लागल्या. तिकडं भांडायला कुणी उरलं नाही म्हणून मामा घरात सुटले होते. भाजी चिरली तर तुकडे सारखे नाहीत, वाळत घातलेले कपडे रंगाप्रमाणं लावलेले नाहीत. काल तर त्यांनी फोडणीचा क्रम कसा चुकतोय हे कागदावर काढून दाखवलं होतं. "लई झालं बाई आता," मामी म्हणाल्या. "पूर्वीसारखं काहीतरी लागट लिही. दोन दिवस तरी टेबलावरून उठणार नाहीत."

मी म्हटलं, मामी, उगाच कशी चूक काढू, तसं शोभत नाही. पण फोन ठेवल्यावर सहज म्हणून मामांनी लिहिलेला तो शीर्षक आणि तक्त्याचा कोड पुन्हा चालवून पाहिला. या खेपेला आमच्याच सोसायटीच्या मराठी वेबसाइटवर. अहवाल छापून आला. वरती शीर्षक म्हणून प्रश्नचिन्हांची एक लांबलचक ओळ होती. खाली तक्त्यातही सगळी प्रश्नचिन्हंच. सिल्लोडकडच्या माणसानं लिहिलेल्या आणि गारखेड्यातल्या बाईनं मंजूर केलेल्या या कोडला मराठी अक्षरच येत नव्हतं.

मी ओढणी खुंटीला अडकवली आणि इंग्रजीत लिहायला बसले. लिहिलं की हा कोड इंग्रजी सोडून कुठल्याही भाषेत तपासून पाहिलेला दिसत नाही आणि लेखकाची पार्श्वभूमी लक्षात घेता हे विशेष आश्चर्याचं आहे. पाठवून दिलं.

कुकरची शिट्टी व्हायच्या आत उत्तर आलं. लांबलचक, स्वल्पविराम जागच्या जागी. चूक मान्य आहे, असं पहिल्या ओळीत होतं. बाकीच्या सगळ्या ओळींत असं होतं की बदल तपासण्याची जबाबदारी मंजूर करणाऱ्याची असते, हा बदल ज्यांनी मंजूर केला त्यांनी तो कुठल्या भाषेत तपासला होता हे कळल्यास बरं होईल, आणि माननीय सरांनी खुलासा करावा.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळं मला फारच राग आला. मी गॅस बारीक केला, खुर्ची पुढं ओढली आणि खुलासा लिहायला घेतला.